कबुतरं कशी आहेत?

"फूज यर डूज?"

रोज सकाळी साडेआठला शमशूचाचा माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून हे विचारायचे. आधी जिभेने टाळ्याला दोनदा टक टक करायचं, जणू इंजिनला किक मारतायत, आणि मग हे. त्यांच्या मते ते इंग्रजी होतं. अर्थ, तुझी कबुतरं कशी आहेत?

मी हातातला पाना खाली ठेवून ओरडायचो, "आय पेकिन!" म्हणजे, दाणे टिपतायत. बरं चाललंय.

"गुड लून," म्हणजे गुणी पोर, असं म्हणून चाचा मासे बघायला बंदरावर निघून जायचे.

माझं दुकान पंप दुरुस्तीचं. कबुतर एकही नाही. पण उत्तर मिळाल्याशिवाय हा म्हातारा पायरीवरून हलायचा नाही. एकदा मी मुद्दाम गप्प बसून पाहिलं. पाच मिनिटं तसेच उभे. शेवटी तोंड इतकं उतरलं की माझी जीभ आपोआप हलली. मला वाटलं, म्हातारपणाचा नाद. असतो एकेकाला.

ही पंच्याण्णव सालची गोष्ट. मी पंचविशीत होतो आणि पांगारबंदरात माझ्याइतका नालायक माणूस दुसरा नव्हता. सरपंचांच्या टाकीत कोकम सरबत ओतून त्यांच्या नळाला लाल पाणी आणलं होतं ते मीच. त्यांनी तालुक्याहून तपासणीला माणूस बोलावला, तो दोन पेले पिऊन गेला.

आमचं गाव खाडीच्या तोंडाशी, बोटीवर जाणाऱ्यांचं. प्रत्येक घरातला एक तरी म्हातारा जगभर हिंडलेला, आणि जो ज्या साहेबाच्या हाताखाली राबला त्याची इंग्रजी घेऊन घरी आलेला. मजीदभाईंच्या घरात लिव्हरपूलची इंग्रजी, नाकातून येणारी. बाबल्या तांडेलाची ग्रीक कप्तानाची, तिच्यात शिव्याच जास्त. मुकादमांचा थोरला ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर होता, तो सगळ्यांना 'माइट', म्हणजे दोस्त, म्हणायचा, बायकोलासुद्धा. हे तिघे चहाच्या टपरीवर बसून इंग्रजीत भांडायला लागले की एकमेकांचं एक अक्षर कळायचं नाही. भांडण मिटवायला मराठीत यावं लागायचं. पण चाचांची इंग्रजी त्या तिघांनाही कळायची नाही. 'व्हेअर'ला 'फार' म्हणायचे, 'व्हॉट'ला 'फिट', 'हू'ला 'फा'. 'माहीत नाही'ला 'डिन्ना केन'.

"चाचा, ही कुठली इंग्रजी?"

"बोटीवरची. कावी साहेबाची."

चाचा आगबोटीवर तेलवाले होते, खाली बॉयलरपाशी. वर इंजिनच्या माळ्यावर कावी साहेब, आणि दोघांच्या मध्ये एक पितळी नळी. साहेब नळीत फुंकायचा, खाली शीळ वाजायची, चाचा कान लावायचे.

"जो हुकूम येईल तो आधी होता तसा परत बोलायचा," चाचा सांगायचे. "मग हात हलवायचा. तसाच म्हणजे तसाच. साहेबाच्या सुरात. आवाज एवढा मोठा की आपल्या सुरात बोललं तर वरच्याला वाटायचं, याने भलतंच ऐकलं. आणि उत्तरच दिलं नाही तर धरून चालायचं, खालचा माणूस मेला."

सात वर्षं रोज हे. जीभ वळली ती वळलीच.

त्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. शाळेने ती चूक पुन्हा केली नाही. मुख्याध्यापक होते कुंभोजकर सर, कोल्हापूरकडचे. त्यांची इंग्रजी इस्त्री केलेली. रेडिओवरच्या बातम्या ऐकून घासलेली. मला अवदसा आठवली. मी माईकवरून पुकारलं, "आता होईल इंग्रजीची जुगलबंदी! एका बाजूला एम.ए.बी.एड., दुसऱ्या बाजूला एकतीस वर्षं दर्या!" आणि चाचांना हाताला धरून वर चढवलं. म्हातारा खूश. नवी टोपी घालून आला होता.

सरांनी विचारलं, "व्हेअर डिड यू लर्न इंग्लिश?"

चाचांनी टक टक केलं. "फार डिड आय लर्न?"

"फार नव्हे, व्हेअर!" सर हसले. "फार म्हणजे दूर."

"आय, फार. ऑन द बोट."

लोकं फुटली. सरांना चेव आला. ते विचारत गेले, चाचा बोलत गेले आणि सर प्रत्येक शब्द पकडून सुधारत गेले. मी कसला गप्प बसतोय? मी माईकमध्ये टक टक करून म्हणालो, "मंडळी, चाचांची इंग्रजी एकतीस वर्षं खाऱ्या पाण्यात भिजली, आता आकसलीय!" मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. पोरं बाकांवर उभी राहून टक टक करायला लागली. सातशे माणसांची टक टक.

चाचा थांबले. टोपी काढून हातात घेतली आणि पायऱ्या उतरून गेले. बायकांच्या बाजूला त्यांची हलीमाचाची मान खाली घालून बसली होती, तिने उठून पदर सावरला आणि ती त्यांच्या मागे गेली.

दुसऱ्या दिवशी साडेआठला पायरीवर कोणी आलं नाही. मी त्यांच्याकडे पाईपलाईनचं काम घेतलं होतं. मागच्या टाकीपासून भिंतीतून ओसरीपर्यंत एक इंची काळा पाईप टाकून झाला होता, टाकीला जोडायचा आणि ओसरीत नळ बसवायचा बाकी होता. नळ घेऊन गेलो तर चाचा बाकड्यावरून उठले नाहीत.

"राहू दे तो नळ. आणि तूही राहू दे."

साध्या मराठीत. त्यानंतर आठ महिने चाचा कुणाशीच इंग्रजीत एक शब्द बोलले नाहीत. टक टकसुद्धा नाही. पाईप तसाच, ओसरीच्या भिंतीतून बोटभर बाहेर डोकावत, बाकड्यावर बसलं की बरोबर कानाशी. मला लाज वाटली का? खरं सांगतो, आठवडाभर वाटली. मग सवय झाली.

ऑक्टोबरात एक दिवस अकराच्या लाँचने एक गोरी बाई उतरली. पन्नाशीची, उंच, पायात मोठे बूट, हातात एक पिवळं पडलेलं पाकीट. बंदरावर सगळ्यांना दाखवत सुटली. पाकिटामागे पत्ता होता: शमसुद्दीन हमदुले, पांगारबंदर.

मी तिला चाचांच्या घरी नेलं. नेलं म्हणजे काय, असला तमाशा मी सोडणार होतो? सरांना निरोप धाडला, ते दुपारी दोनला दुभाष्या म्हणून कोट घालून आले. बाई ओसरीत खुर्चीवर बसली आणि बोलली. तिची इंग्रजी लंडनची, सरांना घडाघडा कळत होती.

"या जेसीबाई," सर म्हणाले. "यांचे वडील तुमचे कावी साहेब."

चाचांच्या हातातली काठी खाली पडली.

"वडील वारले तेव्हा त्या सहा वर्षांच्या. बोटीवरच वारले, एक्कावन्न साली. तुम्ही तेव्हा सारंगाकडून, खलाशांच्या म्होरक्याकडून, लिहवून यांच्या आईला पत्र पाठवलं होतं. आई यंदा गेली, तिच्या ट्रंकेत मिळालं." सर थांबले, बाई आणखी बोलली, सरांचा आवाज जरा खाली आला. "त्या म्हणतात, माझ्याकडे वडिलांचे फोटो आहेत. टोपी आहे, पत्रं आहेत. आवाज नाही. ते कसे बोलायचे ते मला आठवत नाही. तेवढं सांगा. तेवढ्यासाठी आलेय."

चाचा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता टक टक होणार. सरांनाही वाटलं असावं, ते पुढे सरकले.

चाचा मराठीत म्हणाले, "चांगलं बोलायचे."

सरांनी भाषांतर केलं. बाईने वहीत लिहून घेतलं.

"कामाला कडक होते. मनाने चांगले होते."

तेही लिहून घेतलं. असं तासभर चाललं. बाई विचारायची, चाचा दोन शब्दांत उत्तर द्यायचे, सर त्याची छान इंग्रजी करायचे आणि ती लिहायची. सातासमुद्रापलीकडून आलेल्या बाईच्या वहीत काय, तर माणूस चांगला होता. पोलीस पाटलाच्या दाखल्यात असतं तसं. तिची लाँच चारला होती.

मी स्वयंपाकघरात गेलो. चाची चहा गाळत होती.

"चाची, चाचा बोलत का नाहीत? अजून माझ्यावर राग?"

"तुझ्यावर?" चाचीने गाळणी आपटली. "तू कोण एवढा लागून गेलास? यांच्यावर हसला असतात तर दुसऱ्या दिवशी विसरले असते ते. तुम्ही साहेबावर हसलात."

"साहेब कुठे होता तिथे?"

"ते यांचं बोलणं नव्हेच रे मेल्या. साहेबाचं आहे. शब्द त्याचे, सूर त्याचा, ते टक टकसुद्धा त्याचं. सात वर्षं पोपटासारखं परत बोलून बोलून आत बसलंय. सातशे माणसं त्या मेलेल्या माणसाच्या बोलण्याला हसली आणि तो यांच्या तोंडून चव्हाट्यावर आला. आता त्याच्या लेकीसमोर बोलायचं? मघाशी आत येऊन म्हणाले, मेलेल्या बापाची नक्कल पोरीपुढे कशी करू? तीही हसली तर?"

मी चहाची कपबशी हातात धरून उभा राहिलो. ओसरीत घड्याळाने तीनचे ठोके दिले. बाईने वही मिटल्याचा आवाज आला.

आणि मग मला पाईप आठवला.

मी मागच्या दाराने धावलो. टाकीपाशी पाईपचं दुसरं टोक अळवाच्या वाफ्यात पडलं होतं. उचललं, झटकलं, आतून एक मुंग्यांची वरात निघाली. ओठ लावले आणि जीव खाऊन शीळ फुंकली.

आतलं बोलणं बंद पडलं.

मी टाळ्याला दोनदा टक टक केलं, आवाज जाड केला आणि चाचांनी शंभरदा ऐकवलेला तो हुकूम सोडला, "गी हर अ बिट्टी मेर!" वाफ जरा वाढव.

काही नाही. मी खिडकीच्या गजातून डोकावलो. चाचा बाकड्यावर ताठ बसले होते. ओठ घट्ट. पण उजवा हात, अल्ला शप्पथ म्हणतात ना तसं सांगतो, उजवा हात आपोआप वर गेला होता आणि हवेतली एक चावी हळूहळू फिरवत होता. सर त्या हाताकडे बघत होते. बाई पाईपकडे.

हात हलला, जीभ नाही. माझ्याकडे एकच गोळी उरली होती. पुन्हा शीळ मारली. टक टक. आणि अगदी हळू, दुकानाच्या पायरीवर विचारतात तसं, "फूज यर डूज?"

पाईप कानाला लावला. एक. दोन. तीन. कानात नुसती हवा. चार. पाच. आता हा म्हातारा काठी घेऊन मागे येणार आणि मला अळवात गाडणार.

पाईप थरथरला.

"टक टक. आय, पेकिन! आय, पेकिन, सर!"

एवढ्या मोठ्याने की माझा कान बधिर झाला. इंजिनच्या आवाजावर मात करून वर पोचवायचा असतो तसा आवाज. सत्तर वर्षांच्या माणसाचा नव्हताच तो.

मी धावत ओसरीत आलो. बाई उभी होती. वही खाली, चष्मा हातात. ती काहीतरी पुटपुटली.

"सर, काय म्हणाली?"

"पुन्हा करा म्हणतायत. ते टक टक." सरांनी तिचं पुढचं ऐकून घेतलं. "यांची आई सांगायची, वडील बोलण्याआधी जिभेने दोनदा ठोकायचे. दुसऱ्याच्या घरात शिरताना दार वाजवतात तसं. आई करून दाखवायची, पण आईला नीट जमत नव्हतं."

चाचांनी टक टक केलं. आणि सुटले. आठ महिने तुंबलेला नळ तो! "फिट लाइक, माय बॉनी क्वाइन?" म्हणजे बरी आहेस ना, माझ्या गोड पोरी, इथपासून जे सुरू झालं ते थांबेना. साहेब चहा कसा मागायचा, वाफ कमी पडली की कशी शिवी द्यायचा, भर समुद्रात गावच्या हेरिंग माशाची आठवण कशी काढायचा, आणि घरी एक छोटी 'क्वाइन' आहे, म्हणजे मुलगी, ती आता चालायला लागली असेल, आता शाळेत जात असेल, असं दर रविवारी नळीतून कसं सांगायचा. हे सगळं मला नंतर कळलं. बाई खुर्चीवरून उतरून त्यांच्यासमोर शेणाने सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसली. हसत होती आणि डोळे पुसत होती. हसली ती, चाचांना भीती होती तशीच. पण ते हसणं वेगळं होतं. बाजारात हरवलेलं पोर सापडल्यावर आई हसते तसं.

"सर, सांगा ना काय चाललंय!"

"मला..." एम.ए.बी.एड. सरांनी घाम पुसला. "मला तीनातला एक शब्द कळतोय." त्यांनी बाईला अदबीने काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं आणि सर बाकड्याच्या टोकावर बसले.

"ही चुकीची इंग्रजी नाही रे," ते मला म्हणाले. "स्कॉटलंडच्या वरच्या कोपऱ्यात एक मासेमारीचं गाव आहे, आपल्यासारखंच. तिथे अशीच बोलतात. 'फार' म्हणजे कुठे. 'फिट' म्हणजे काय. यांची आजी बोलायची. लंडनच्या शाळेत यांना हसायचे म्हणून आईने घरात ती बोलूच दिली नाही." मग म्हणाले, "मी इथे नवीन आलो तेव्हा 'काय करालायस' म्हटलं की तुम्ही पोरं हसायचात."

"मीच हसायचो, सर."

"माहीत आहे मला." त्यांनी कोटाच्या खिशातून पेन काढलं आणि एका कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. "हमदुले, ते 'डिन्ना केन' पुन्हा एकदा म्हणा. सावकाश."

साडेतीनला बाईने शेवटचा प्रश्न विचारला. चाचा तिला त्यांच्या इंग्रजीत बोलले, खूप हळू. मग आमच्याकडे वळून मराठीत सांगितलं.

"विचारते, बाप शेवटी काय बोलला. पाळी संपताना साहेब रोज नळीतून एकच विचारायचा. हुकूम नव्हे. तुझी कबुतरं कशी आहेत? त्यांच्या गावाला भेटल्यावर असंच विचारतात. मी उत्तर द्यायचो, मग तो शिडी उतरायचा. त्या दिवशी विचारलं. मी उत्तर दिलं. वरून काही नाही. पुन्हा उत्तर दिलं, ओरडून. वर गेलो तर साहेब नळीला टेकून बसला होता, छातीवर हात. थंड होत होता." चाचांनी टोपी सारखी केली. "माझं उत्तर त्याला पोचलं की नाही, कोण सांगणार."

म्हणून पायरीवर. म्हणून रोज. मी त्या दिवशी पाच मिनिटं गप्प बसलो होतो, आणि त्या पाच मिनिटांत म्हातारा कुठल्या शिडीखाली उभा होता ते मला तेव्हा कळलं. मी माझ्या चपला बघत बसलो.

चारच्या लाँचला सगळं गाव लोटलं. भरती ओसरलेली, त्यामुळे लाँच धक्क्याच्या टोकाशी खोल पाण्यात, आणि चाचा खाली शेवाळलेल्या पायरीवर, पाण्याजवळ. गर्दी मुद्दाम टाळून आले होते. इंजिन सुरू झालं, फटफट आवाजात कुणाचं काही ऐकू येईना. तेवढ्यात लंडनची ती बाई कठड्यावरून वाकली. दोन्ही हातांची तोंडाभोवती नळी केली. टक टक ऐकू आली नाही, पण जबडा हलताना दिसला. दोनदा.

"फूज यर डूज?"

चाचांनी मान वर केली. छाती भरून घेतली.

"आय, पेकिन!"

आणि वरून, इंजिनच्या आवाजावरून, उत्तर आलं. "आय हर्ड ये!" हात उंच करून, दोनदा. "आय हर्ड ये!"

हे इंग्रजी मलाही कळलं. दहावीला इंग्रजीत सव्वीस मार्क मिळालेल्या माणसाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळ, पाना आणि धाग्याची गुंडी घेऊन चाचांच्या घरी गेलो. ओसरीत न जाता गुपचूप मागे गेलो. म्हटलं, आधी टाकीकडचं जोडून घेऊ, मग बघू शिव्या किती बसतात. पाईप उचलला, पान्याने धरला, आणि पाईपमधून शीळ आली.

मी थांबलो.

आतून जिभेने कोणीतरी दोनदा दार वाजवलं. "फूज यर डूज, लून?"

मी पाना अळवात टाकला, नळ अळवात टाकला, दोन्ही हातांनी पाईप तोंडाशी धरला आणि आख्ख्या पांगारबंदराला ऐकू जाईल असा ओरडलो.